घरी दुरुस्ती केल्यानंतर इंजिनाचा आवाज आणि कूलंटची गळती : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या भागात घरच्या घरी गाडीचे बोनेट उघडणे ही बहुतेक वेळा हौस नसून गरज असते. पऱ्हाटी वेचणीच्या दिवसांत गाडी तालुक्याच्या गावी ठेवून येणे कोणालाच परवडत नाही, आणि ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांच्या हाताला पानाही नवा नसतो. त्यामुळे बेल्ट, होज पाइप, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप स्वतः बदललेल्या गाड्या आमच्या गॅरेजमध्ये नेहमी येतात, आणि अशा कामाला आमचा मुळीच विरोध नाही. मात्र काम झाल्यावर नवा आवाज किंवा गळती सुरू झाली, तर आणखी एखादा भाग विकत आणण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे ओळखावे, एवढ्यासाठी हे पत्रक काढले आहे.

दुरुस्तीनंतर लगेच उपटलेला दोष बहुधा जिथे हात लागला तिथेच किंवा त्याच्या शेजारी असतो. म्हणून प्रथम आपण काय काय उघडले होते ते क्रमाने आठवावे आणि प्रत्येक नट, क्लिप व वायरचा जोड पुन्हा पाहावा. चालू इंजिनाजवळ वाकताना गळ्यातला दुपट्टा आणि सैल बाही बाजूला ठेवावी. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

आवाजांविषयी

गाडी सुरू करताच किंवा एसी लावताच चिरका आवाज येत असेल तर बेल्टकडे पाहावे. इंजिन हळू चालत असताना बेल्टच्या रेघा असलेल्या बाजूवर दुरूनच थोडे पाणी शिंपडावे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता जास्त असते. आवाज उलट वाढला तर बेल्ट ढिला आहे असे समजावे. बेल्ट काढून ठेवून इंजिन काही सेकंदच चालवले आणि घरघर थांबली, तर पंप, अल्टरनेटर किंवा टेन्शनर यांपैकी एखाद्याचे बेअरिंग गेलेले असते. ही चाचणी टायमिंग बेल्टवर (इंजिनातील व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या बेल्टवर) कधीही करू नये.

प्लग बदलल्यानंतर फुसफुस असा ठेक्यातला आवाज आला तर एखादा प्लग पुरता बसलेला नाही. इंजिन थंड असताना टिकटिक आणि तापल्यावर ती कमी होणे, हे बहुधा सायलेन्सरकडे जाणाऱ्या जोडाचे पॅकिंग फुंकत असल्याचे चिन्ह आहे. ऑइल फिल्टर बदलल्यावर पहिले काही सेकंद टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) टिकटिक आवाज येणे स्वाभाविक आहे, परंतु ऑइलचा लाल दिवा विझत नसेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. चढावर किंवा वजन असताना खालून जड ठोका ऐकू येत असेल, तर गाडी एक किलोमीटरही चालवू नये. ती ओढून आणण्याचा खर्च क्रँकच्या खर्चापुढे काहीच नाही.

गळतीविषयी

उन्हाळ्यात एसी लावल्यावर गाडीखाली पडणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी ही गळती नव्हे. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, हिरवा, लाल किंवा गुलाबी, बोटांना बुळबुळीत आणि गोडसर वासाचा असतो. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरून ठेवला तर सकाळी डागाचा रंग आणि जागा दोन्ही कळतात. तरीही डागाच्या बरोबर वर दोष असतोच असे नाही, कारण चालत्या गाडीत वाऱ्यामुळे थेंब मागे सरकतात. म्हणून ओलाव्याचा माग धरत सर्वांत वरच्या ओल्या जागेपर्यंत जावे. होज पाइप तोंडावरच्या उभारलेल्या कडेच्या पुढे गेलेला नसणे आणि क्लिप त्या कडेवरच बसलेली असणे, हे आम्हाला सर्वाधिक आढळणारे कारण आहे. जुन्या पॅकिंगचा तुकडा न खरवडता वरून सिलिकॉन पेस्ट भरपूर लावणे हे दुसरे. आत सुटलेली पेस्ट पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकते. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या छिद्रातून सतत थेंब येत असतील तर पंपाचे सील गेले आहे, बोल्ट आवळून ते थांबणार नाही.

कूलंट भरताना आत राहिलेली हवा हा दोष सर्वांत फसवा. डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज, हीटर लावूनही थंड हवा, तापमानाच्या काट्याचे वरखाली होणे ही त्याची लक्षणे होत. सेन्सर हवेत राहिला तर इंजिन तापत असतानाही काटा नेहमीच्या जागी दिसू शकतो, म्हणून केवळ काट्यावर विसंबू नये. गाडीचे तोंड चढाला ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून, थंड इंजिनात कूलंट सावकाश भरावा, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करावा, आणि पंखा लागेपर्यंत इंजिन चालवून पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. सुरुवातीला पातळी थोडी उतरते; नंतरही रोज उतरत राहिली तर गळती शोधणे भाग आहे.

बाहेर काहीच ओले नसताना कूलंट कमी होत असेल, टाकीत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड पॅकिंगची (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगची) शंका धरून गाडी उभी ठेवावी.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा साध्या पाण्यावर भागवणे धोक्याचे ठरते. पाणी १०० अंशांना उकळते. निम्मा कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण झाकणाच्या दाबाखाली १२० अंशांच्याही पुढे तग धरते. झाकणाचे रबर चिरलेले असेल तर तो दाबच टिकत नाही. बोअरच्या जड पाण्याचा क्षार आत बसतो. वाटेत नाइलाजाने ते ओतलेच तर पुढे संपूर्ण यंत्रणा धुऊन घ्यावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, आणि तापून कोरड्या पडलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. कूलंट चवीला गोड पण विषारी आहे; कुत्रे, वासरे आणि लहान मुले यांच्यापासून तो दूर ठेवावा व जुना कूलंट नालीत न टाकता डब्यात भरून आमच्याकडे आणावा.

गाडी आणताना काढलेला जुना भाग, भरलेल्या कूलंटची बाटली आणि शक्य झाल्यास मोबाइलवर टिपलेला आवाज सोबत ठेवावा. एखादा बोल्ट उरला असेल किंवा दोन रंगांचे कूलंट मिसळले गेले असतील तर संकोच न करता सांगावे, कारण त्या एका माहितीने आमचा तपासाचा वेळ आणि आपली मजुरी दोन्ही वाचते. आवाज फक्त सकाळी येत असेल आणि गाडी चालवण्याजोगी असेल, तर ती आदल्या संध्याकाळीच आणून ठेवावी, म्हणजे थंड इंजिन आम्हाला स्वतः सुरू करून ऐकता येईल.