बालवाडीतील वर्तन-मार्गदर्शन

बालवाडी, अंगणवाडी किंवा पाळणाघरातल्या लहान मुलांना मार, धाक किंवा चारचौघांत लाजवणे टाळून गटात वावरायला शिकवण्याची पद्धत. मूल ‘ऐकत नाही’ असे वाटले की आधी खोलीची मांडणी, दिवसाचे वेळापत्रक आणि मोठ्यांचे बोलणे तपासायचे, मुलाकडे नंतर वळायचे, हा तिचा गाभा.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत बालगृह सुरू केले. पुढे तिथे मुलांच्या उंचीची मेजे आणि त्यांच्या हाताला येणारी कपाटे आली. भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. शिक्षा आणि बक्षीस या दोन्हींना त्यांचा विरोध होता. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडला हलले. पाड्यावरची वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा मुलांना किंवा आईबापांना बोल न लावता या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. वर्तन-मार्गदर्शनामागचा विचार याहून नेमका क्वचितच कुठे दिसेल.

रोजच्या व्यवहारात ही पद्धत अगदी साधी दिसते. ‘पळू नको’ म्हटले तर काय करायचे नाही एवढेच कळते. ‘हळू चालत ये’ म्हटले की काय करायचे ते कळते. दोन वर्षांचे मूल चावते, कारण हवे-नको सांगायला त्याच्याकडे पुरेसे शब्द नसतात. अशा वेळी बाई आधी ज्याला चावा बसला त्या मुलाजवळ बसते, त्याला जवळ घेते आणि मग चावणाऱ्याला सांगते, ‘त्याला दुखलं. ठोकळा हवा असेल तर “मला दे” म्हण.’ एकाच लाल मोटारीवरून रोज भांडण होत असेल, तर प्रवचनापेक्षा दुसरी मोटार आणणे बरे. खिचडीआधी हात धुण्याची रांग लांबली की ढकलाढकली होणारच. चौघाचौघांना सोडले, बाकीच्यांना बडबडगीतात गुंतवले, तर ती बरीचशी थांबते. हट्ट पुरवणे मात्र यात बसत नाही: दगड फेकणारा हात धरायचाच, फक्त पिरगाळायचा नाही.

चांदण्या किंवा स्टिकर देण्याबाबत मतभेद आहेत. अनेक शिक्षिकांना ते सोयीचे वाटतात. पण चांदणी मिळवायला खेळणी आवरणारे मूल चांदण्या संपल्यावर आवरेलच असे नाही, आणि गिजुभाईंचा आक्षेप इथे टिकतो.

शिक्षण हक्क कायद्याचे (२००९) कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई करते. मात्र तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहानांना बालन्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७५ चा आधार आहे. सांभाळणाऱ्याने मुलाला क्रूरपणे वागवल्यास ते लागू होते.

खरी अडचण कायद्यापेक्षा मनुष्यबळाची. अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची मुले बहुधा एकाच खोलीत असतात. सेविकेला त्यांच्यासोबत वजने, गृहभेटी आणि ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपवरची नोंदही सांभाळावी लागते. मदतनीस चुलीपाशी गुंतलेली. त्यात ‘बाई, ऐकलं नाही तर एक ठेवून द्या’ अशी पालकांचीच मुभा असते, आणि ती नाकारणे हेही सेविकेच्याच वाट्याला येते.