टेलर स्क्वेअर (सॅव्हाना)

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सॅव्हाना शहरातला ऐतिहासिक सार्वजनिक चौक. १८५१ पासून २०२२ पर्यंत त्याचे नाव कॅल्हून स्क्वेअर होते. २४ ऑगस्ट २०२३ रोजी नगर परिषदेने त्याला कृष्णवर्णीय शिक्षिका सुझी किंग टेलर यांचे नाव दिले.

चौक म्हटले की आपल्यासमोर रहदारीचा नाका येतो. सॅव्हानाचे चौक तसे नाहीत. १७३३ मध्ये जेम्स ओगलथॉर्प यांनी शहर वसवताना प्रत्येक वस्तीच्या मधोमध मोकळी जागा राखली. आज तिथे ओकची जुनी झाडे, फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या स्पॅनिश मॉसच्या जटा आणि खाली बाकडी दिसतात. ॲबरकॉर्न रस्त्यावरच्या या चौकाच्या कडेला १८५६ मध्ये सुरू झालेल्या मॅसी शाळेची इमारत अजून उभी आहे.

जॉन कॅल्हून हे शेजारच्या दक्षिण कॅरोलायनाचे पुढारी आणि दोन राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालचे उपराष्ट्राध्यक्ष. गुलामगिरी ही नाइलाजाने सोसायची गोष्ट नसून ती हिताचीच आहे, असे त्यांनी १८३७ मध्ये सिनेटमध्ये मांडले. १८५० मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी चौकाला त्यांचे नाव मिळाले. याच परिसरात गुलाम कृष्णवर्णीयांची दफनभूमी होती. त्यांच्या माथ्यावर हे नाव जवळपास पावणेदोनशे वर्षे राहावे, ही गोष्ट मनाला लागते. स्थानिक कार्यकर्त्यांनी नेमके हेच लावून धरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये परिषदेने कॅल्हून यांचे नाव काढले आणि नऊ महिने चौक बिननावाचा राहिला.

सुझी यांचा जन्म १८४८ मध्ये जॉर्जियात, गुलामगिरीत झाला. लहानपणी त्या आजीकडे सॅव्हानात आल्या. गुलामांना लिहावाचायला शिकवण्यास कायद्याने बंदी होती, म्हणून पोलिसांना किंवा गोऱ्यांना दिसू नयेत अशा बेताने पुस्तके कागदात गुंडाळून त्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीय विधवेच्या घरी शिकायला जात. एप्रिल १८६२ मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धात त्या नातेवाइकांसोबत, गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेशी लढणाऱ्या उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयाला गेल्या. जॉर्जियाच्या किनाऱ्यालगतच्या सेंट सायमन्स बेटावर त्यांनी दिवसा सुमारे ४० मुलांना आणि रात्री मोठ्यांना शिकवले. तेव्हा त्या चौदा वर्षांच्याही नव्हत्या. पुढे कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीत कपडे धुणे, जखमींची शुश्रूषा आणि सैनिकांना अक्षरओळख ही कामे त्यांनी चार वर्षांहून अधिक काळ केली, तीही एक पैसा पगार न घेता. युद्ध संपल्यावर सॅव्हानात परतून त्यांनी राहत्या घरी शाळा काढली. फी दरमहा एक डॉलर. छावणीतल्या आठवणींचे त्यांचे पुस्तक १९०२ मध्ये निघाले. १९१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

सॅव्हानाच्या चौकांपैकी एखाद्या स्त्रीचे नाव मिळालेला हा पहिलाच.

चौकाच्या उत्तरेकडून जाणाऱ्या रस्त्याचे नावही टेलर स्ट्रीट आहे. ते नाव आधीपासूनचे असून त्याचा सुझी यांच्याशी संबंध नाही.