खारवट की चोपण? जिप्समचं पोतं फोडण्याआधी वाचा

शिरोळ-वाळव्याकडं बिघडलेल्या प्रत्येक रानाला एकच नाव: क्षारपड. सगळा घोळ या शब्दानं केलाय, कारण त्यात खारवट आणि चोपण असे दोन वेगळे रोग येतात. एकाला जिप्समनं गुण आला की शेजारी लगेच ट्रॉली भरून आणतो, आणि त्याचं रान असतं निव्वळ खारवट.

खारवट तुम्हाला सांगायला नको. उसाला पाटानं वारेमाप पाणी, निचरा नाही, उन्हात वर फुटलेलं पांढरं मीठ. ते पाण्यात विरघळतं. चर काढा नाहीतर सच्छिद्र पाइप गाडा, गोड्या पाण्यानं धुवा, जातं. जिप्समचं तिथं काहीच काम नाही. तेही शेवटी कॅल्शियमचं मीठच.

चोपणात सोडियम मातीच्या कणालाच चिकटलेला असतो. ओल लागली की कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. पावसाचं पाणी आठवडाभर तळ्यासारखं तुंबतं, वाळल्यावर कुदळ उडते. पाणी खाली उतरतच नाही, तर धुणार काय? जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणावरून उठवून त्याची जागा घेतो. उठलेला सोडियम न्यायला चर मात्र हवाच. चराशिवाय जिप्सम टाकणाऱ्यांपुढं मी हात टेकलेत. रानात चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालतं.

खरी फसगत दोन्ही रोग एकत्र असले की होते. मिठामुळं कण धरून राहतात, माती भुसभुशीत दिसते. लोक खारवट समजून नुसती धुतात. मीठ जातं, सोडियम राहतो आणि रान पार मिटतं. ‘धुतल्यावरच बिघडली’ म्हणतात ती हीच. इथं जिप्सम आधी, धुणं नंतर.

काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ सोडा, हलवू नका. चोपणाचं ढेकूळ भोवती दुधाळ ढग सोडतं. खारवटाचं पाणी नितळ राहतं. पण दोन्ही रोग असले तरी नितळच दिसू शकतं, आणि सामूही (पीएच) ८.५ च्या आत, म्हणजे चोपण नसल्यासारखा, येऊ शकतो. म्हणून माती तपासायला देताना विनिमययुक्त सोडियम, म्हणजे कणाला चिकटलेल्या सोडियमची टक्केवारी, मागून घ्या. तो १५ टक्क्यांवर असेल तर जिप्सम, आणि एकरी किती ते त्याच प्रयोगशाळेला विचारा. नत्र-स्फुरद-पालाश वाचून अहवाल घडी घालून ठेवणाऱ्यांना हा आकडा कधी दिसतच नाही.