‘गाभा महागाई’तून तूरडाळ का वगळली जाते?

यवतमाळ-वाशीमकडच्या आठवडी बाजारात महागाईचा अंदाज डाळ, तेल आणि मिरचीच्या भावावरून बांधला जातो. अर्थशास्त्रातली ‘गाभा महागाई’ मात्र नेमके हेच जिन्नस, आणि सोबत इंधन, बाजूला ठेवून मोजतात. ही वजाबाकी मूळची अमेरिकेतली. 1973 मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला, त्याच सुमारास धान्यही कडाडले, आणि त्यानंतर अर्थतज्ज्ञ रॉबर्ट गॉर्डन यांनी 1975 मध्ये अन्न व ऊर्जा वगळून किंमतवाढ पाहण्याची रीत मांडली. अर्थतज्ज्ञ ऑटो एक्स्टाइन यांच्या 1981 च्या पुस्तकाने या संकल्पनेला सैद्धांतिक बैठक दिली. यामागचा तर्क सरळ आहे: पावसाने दगा दिल्यामुळे चढलेला भाव पुढच्या हंगामात उतरू शकतो, आणि व्याजदर वाढवल्याने शेतात तूर उगवत नाही.

हे विदर्भाने पाहिलेले आहे. 2015 मध्ये तूरडाळ अनेक शहरांत किलोला 200 रुपयांच्या घरात गेली, शेतकऱ्यांनी पेरा वाढवला, आणि 2016-17 च्या हंगामात बोनससह क्विंटलला 5,050 रुपये हमीभाव असलेली तूर बाजार समित्यांत त्याहून बरीच खाली विकली गेली. गाभा महागाईत या चढउताराला थेट जागाच नव्हती. मोजमाप करणाऱ्याला हा गुण वाटतो. डाळ विकत घेणाऱ्या मजुराला किंवा तूर विकणाऱ्या शेतकऱ्याला तो तसा वाटणे कठीण आहे.

भारतात ग्रामीण, शहरी व एकत्रित ग्राहक किंमत निर्देशांक 2011 पासून मिळू लागले. त्याआधी मुख्य आधार घाऊक किमतींचा होता. 2012 या आधारवर्षाच्या मालिकेत ग्रामीण भागासाठी अन्न व पेयांचा भार, म्हणजे घरखर्चातला वाटा, 54.18 टक्के आणि इंधन व दिवाबत्तीचा 7.94 टक्के होता, म्हणजे गाभ्यात जेमतेम 38 टक्के खर्च उरत होता. शेतमजुरांच्या 1986-87 च्या मालिकेत तर एकट्या अन्नाचाच भार 69 टक्क्यांवर होता, आणि रोजगार हमीची मजुरी बरीच वर्षे त्याच निर्देशांकानुसार वाढवली गेली.

शिवाय वगळलेली डाळ मागच्या दाराने परत येते, कारण ती दीर्घकाळ महाग राहिली की निंदण-वेचणीची मजुरी वाढते, आणि मग शिलाई व प्रवासभाडेही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ऊर्जित पटेल समितीने जानेवारी 2014 मध्ये बँकेसाठी गाभ्याऐवजी एकूण ग्राहक महागाईचेच लक्ष्य सुचवले, आणि 2016 च्या कायदादुरुस्तीनंतर ते 4 टक्के, दोन्ही बाजूंना 2 टक्क्यांच्या मुभेसह, ठरले. जुलै 2024 च्या आर्थिक पाहणीने अन्न वगळून लक्ष्य ठेवण्याचा विचार पुन्हा पुढे आणला. त्यावर पटेल समितीचे जुने म्हणणे आजही लागू पडते: लोकांची पुढच्या महागाईबद्दलची अपेक्षा अन्न आणि इंधनाच्या भावांवरच घडते.