मोडलेला खांदा आणि उलटा सांधा

सत्तरीतली आजी बाथरूममध्ये घसरते, दंडाचं हाड खांद्याजवळ मोडतं आणि एक्स-रे हातात पडताच घरचे विचारतात, "ऑपरेशन कधी?" दरवेळी ते लागतंच असं नाही. ब्रिटनमधल्या 'प्रोफर' चाचणीत 250 रुग्ण होते, सगळ्यांची हाडं जागेवरून सरकलेली. शस्त्रक्रिया की नुसती झोळी, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. 2015 मध्ये निष्कर्ष आला: दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. (ज्यांना शस्त्रक्रिया नक्कीच हवी होती, ते रुग्ण आधीच वगळले होते.)

लॉकिंग प्लेट, म्हणजे मोडलेलं हाड स्क्रूंनी धरून ठेवणारी धातूची पट्टी, तरुण, भक्कम हाडात छान काम करते. म्हातारपणी मात्र हाडाचा गोळा आतून विरळ झालेला असतो. तो खचतो आणि स्क्रूची टोकं सांध्यात घुसतात.

अशा वेळी उपयोगी पडतो तो उलटा कृत्रिम सांधा. पॉल ग्रॅमाँ या फ्रेंच शल्यविशारदाने 1985 मध्ये मांडलेली ही कल्पना मला फार आवडते. मूळ खांद्यात गोळा दंडाच्या हाडाला आणि उथळ वाटी खांद्याच्या पात्याला असते. बाहेरचा डेल्टॉइड स्नायू हात वर ओढतो, तेव्हा रोटेटर कफचे चार स्नायू गोळ्याला वाटीत दाबून धरतात. हे स्नायू ज्या उंचवट्यांना चिकटलेले असतात, तेच फ्रॅक्चरमध्ये सुटले की डेल्टॉइडच्या ओढीने हाड नुसतं वर सरकतं, हात उचलला जात नाही. ग्रॅमाँने गोळा पात्यावर बसवला आणि वाटी दंडावर. त्यामुळे फिरण्याचा केंद्रबिंदू आत आणि खाली गेला. डेल्टॉइडचा तरफभुज (केंद्रबिंदूपासून ओढीच्या रेषेपर्यंतचं अंतर) वाढला, स्नायू ताणलेला राहिला आणि कफविनाही हात वर जाऊ लागला.

नॉर्वेतल्या 'डेल्फी' चाचणीत 65 ते 85 वयाच्या रुग्णांमध्ये प्लेटशी याची तुलना झाली. दोन वर्षांनंतर खांदा किती चांगला चालतो याचे 100 पैकी सरासरी गुण प्लेटला 54.6, उलट्या सांध्याला 68. पण ही तुलना प्लेटशी होती, नुसत्या झोळीशी नाही. म्हणून जाहिरात बघून तो मागायला धावू नये. आणि सरकलेलं हाड तेल चोळून बसवणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये. तिथे नसा दुखावतात.

सगळी भिस्त डेल्टॉइडवर आहे आणि त्याची ॲक्सिलरी नस मोडलेल्या हाडाला अगदी खेटून जाते. म्हणूनच डॉक्टर खांद्याच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवून विचारतात, "इथे कळतंय का?" आणि डेल्टॉइड आवळतो का, हेही बोटांनी चाचपतात.