मधुमेहावर स्टेम सेल: अर्ज कुठे, पात्र कोण, कागद कोणते?

शुगरसाठी स्टेम सेल, म्हणजे शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी ज्यांच्यापासून बनू शकतात त्या मूळ पेशी, घ्यायच्या तर अर्ज कुठे करायचा, असं बीड-परभणीकडचे बरेच जण विचारतात. असा अर्जच नाही, कारण मधुमेहावर हा अजून मान्य उपचार नाही. आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या सूचनांनुसार तो फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचणीत देता येतो, तोही रुग्णाकडून पैसे न घेता. कुणी लाखाचं पॅकेज सांगितलं की तिथूनच माघारी फिरा.

ट्रायल खरी का, हे सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत कळतं. १५ जून २००९पासून ही नोंदणी सक्तीची आहे. डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि संकेतस्थळावर टाका. पात्रतेच्या अटी, रुग्णालय, संपर्काचा नंबर, भरती चालू की बंद, सगळं तिथं असतं, पण इंग्रजीत. कॉलेजातलं पोरगं शेजारी बसवा. भरती बंद असेल तर लातूरहून मुंबईची खेप वाचेल.

अटी प्रत्येक ट्रायलच्या वेगळ्या. परदेशात गाजलेल्या झिमिस्लेसेलचंच बघा, म्हणजे स्टेम सेलपासून बनवलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा उपचार. टाइप १ (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही असा मधुमेह), वय १८ ते ६५, आणि शुगर धोकादायक घसरते पण घसरतेय हे कळत नाही, असेच रुग्ण घेतले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हतं, असं २०२५मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र शरीरानं पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, म्हणजे जंतुसंसर्गाची टांगती तलवार आलीच. गोळ्यांवर शुगर ताब्यात असलेल्या टाइप २वाल्यांनी (इन्सुलिन बनतं पण पुरत नाही किंवा नीट काम करत नाही असे) एवढी जोखीम कशाला घ्यायची, असं माझं मत.

फाईलमध्ये आधार कार्ड, घाटीचे (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) असोत की खासगी ते जुने केसपेपर, चालू औषधांची चिठ्ठी, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि सी-पेप्टाइडचे रिपोर्ट ठेवा. शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतं, हे सी-पेप्टाइडवरून कळतं. मुलासाठी वयाचा दाखला घ्या.

संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव-पत्ता विचारतात. लोक इथं बिचकतात. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई वारसाला द्यावी लागते, म्हणून ही माहिती लागते. इजा झाली तर उपचार मोफत. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवाच. मूल सात वर्षांपुढचं असेल तर आईवडिलांच्या सहीसोबत त्याचीही संमती घेतात. मराठी संमतीपत्र मागा, घरी नेऊन वाचा, आणि सही केल्यावर प्रत घेतल्याशिवाय उठू नका. तक्रारीसाठी नैतिकता समितीचा, म्हणजे रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा नंबर त्यातच असतो.