दम कोंडतो तेव्हा मेंदू काय मोजत असतो?

खुर्चीत निवांत बसा, साधा श्वास घ्या आणि नाक-तोंड मिटून घड्याळाकडे बघत राहा. पहिली वीस-पंचवीस सेकंदं काहीच होत नाही. मग घशाशी काहीतरी दाटून येतं. आणखी नेट धरलात, तर बरगड्यांच्या कमानीखाली उचकीसारखा हिसका बसतो. तुम्ही नको म्हणत असताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, स्वतःहून खाली जाऊ पाहतं. शेवटी तोंड उघडतंच. (हे बसूनच करा, पाण्यात कधीही नको. का, ते पुढे येतंच आहे.)

ऑक्सिजन कमी पडला म्हणून जीव घाबरा झाला, असंच आपल्याला वाटतं. पण त्या क्षणी बोटाला ऑक्सिमीटर लावलेला असेल, तर निरोगी माणसाचा आकडा बहुधा जागचा फारसा हललेलाही नसतो. ती सगळी तगमग रक्तात साठत चाललेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी असते.

जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांची युक्ती साधी होती. एका लांब नळीत जोरात उच्छ्वास सोडायचा आणि अगदी शेवटी आलेली हवा तपासायची. ती फुफ्फुसांच्या अगदी आतून, वायुकोश नावाच्या इवल्या पिशव्यांतून आलेली असते. तिथल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये किंचित वाढ झाली, तरी श्वास लगेच मोठे होत होते.

हा वायू रक्तातून मेंदूभोवतीच्या द्रवात सहज झिरपतो आणि पाण्यात मिसळून सौम्य आम्ल बनतो. मेंदू जिथे मज्जारज्जूला जुळतो, त्या मस्तिष्कपुच्छाच्या पृष्ठभागालगत काही पेशी ही आंबटाई सतत चाखत असतात. ती जराशी वाढली की श्वास वाढवण्याचा हुकूम सुटतो. ऑक्सिजनवरही पहारा आहे, पण तो मानेत. डोक्याकडे जाणारी धमनी जिथे दुभंगते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढे दोन संवेदक बसलेले आहेत, डावीकडे एक, उजवीकडे एक. अशा संवेदकांच्या कामासाठी कोर्नेय हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. मात्र ऑक्सिजन बराच खाली घसरल्याशिवाय हे पहारेकरी मोठ्यानं ओरडत नाहीत.

एरवी ही व्यवस्था चोख चालते, कारण श्वास अडला की दोन्ही गोष्टी एकदमच बिघडतात. जीव जातो तो या दोन वायूंची फारकत होते तेव्हा. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून काही पोहणारे बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतात. रक्तातलं ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ भरलेलं असतं, त्यामुळे जास्तीचा ऑक्सिजन फारसा मिळत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत येतो, तरी दम कोंडल्याची जाणीवच होत नाही. छातीत हिसका बसण्याआधी शुद्ध हरपते आणि उत्तम पोहणारा माणूस हातपाय न मारता तळाशी जातो. पोहणं शिकवणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. नायट्रोजन भरलेल्या बंद टाकीत उतरणाऱ्या कामगाराचं असंच होतं. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, त्यामुळे घुसमटल्यासारखं वाटतच नाही. दोन-चार श्वासांत तो कोसळतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही. कोविडमध्ये ऑक्सिजनचा आकडा घाबरवण्याइतका खाली गेलेला असताना काही रुग्ण शांतपणे बोलत होते, त्यामागचंही एक मोठं कारण हेच.

पण हुकूम झेलून ताल धरतं कोण? हृदयाचा ठोका हृदयातच जन्मतो, फुफ्फुसांना तशी स्वतःची लय नाही. ती येते मस्तिष्कपुच्छातल्या काही हजार चेतापेशींच्या पुंजक्यातून. १९९१ मध्ये जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदराच्या मस्तिष्कपुच्छाची पातळ चकती द्रवात ठेवली. फुफ्फुसं नाहीत, छाती नाही, तरी त्या चकतीतून श्वासाच्या लयीचे संकेत येत राहिले! या पुंजक्याचं नाव प्री-बॉटझिंगर. शेजारच्या भागाला आधीच एका जर्मन वाइनचं नाव पडलं होतं, तेच इथवर आलं. आपण तासातून बऱ्याचदा नकळत एक खोल उसासा टाकतो, तोही इथूनच निघतो. मिटलेले वायुकोश त्यानं पुन्हा उघडतात. उसासा दुःखाचाच असतो असं नाही.

बोलताना, गाताना, फुंकर घालताना मोठा मेंदू श्वास आपल्या ताब्यात घेतो. झोप लागली की सगळी भिस्त खालच्या यंत्रणेवर. ‘फॉक्स-टू-बी’ या जनुकातल्या दोषामुळे काही मुलांमध्ये नेमकी हीच यंत्रणा जन्मतः दुबळी असते. ती दिवसा हसतात, खेळतात, पण झोपेत त्यांचा श्वास पुरेसा चालत नाही, म्हणून रोज रात्री यंत्र लावावं लागतं. जागेपणीही त्यांना दम कोंडल्याचं नीट कळत नाही. म्हणून असं मूल पाण्यात उतरलं की काठावरच्या मोठ्या माणसाला त्याच्यावरून नजर हटवता येत नाही. ‘आता वर ये’ हे त्याला आतून कुणी सांगत नाही, ते बाहेरून सांगावं लागतं.